उदाहरण नसलेला शब्द

बावीस हजार शब्दांच्या त्या कोशात एकाच शब्दाला उदाहरण नव्हतं. बाकी प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली मराठी अर्थ आणि अर्थाखाली एक सणसणीत मराठी वाक्य होतं, अगदी ‘टर्निप’खालीसुद्धा. ‘थ्वॉर्ट’खाली मात्र ‘विफल करणे’ एवढाच एक थंडगार अर्थ, आणि पुढे कोरी जागा.

चौतीस वर्षांत ही कोरी जागा कुणाच्या डोळ्यांत खुपली नाही. विद्वानांनी कोशावर लेख लिहिले, व्याख्यानं झोडली, एकमेकांना शाली पांघरल्या. कोश उघडून वाचायला मात्र कुणाला सवड नव्हती. जागा खुपली ती कोशाचे संपादक असलेल्या सरांच्या मुलीला, ती नवी आवृत्ती काढायला बसली तेव्हा. तिने कात्रीला फोन केला.

“मावशी, थ्वॉर्टचं उदाहरण कुठे गेलं हो?”

“मी दिलं होतं,” कात्री म्हणाली. “तुझ्या बाबांनी छापलं नाही. का, ते कधी बोलले नाहीत.”

“कार्ड सापडेल का?”

“कुणी हलवलं नसेल तर सापडेल.”

“मग आजच या. उद्या कोशाची खोली सोडायचीय. सगळी कार्डं रद्दीत जाणार.”

कात्रीने फोन ठेवला. आपण कोणतं वाक्य दिलं होतं ते तिला अक्षरन् अक्षर आठवत होतं. ‘माझ्या भावाने माझ्या नोकरीत मोडता घातला.’ ते वाक्य तिने कोशाला दिलं तेव्हा भावाशी बोलणं टाकून तिला आठ महिने झाले होते. आता चौतीस वर्षं होऊन गेली. दादाचं शिवणकामाचं दुकान तिच्या खोलीपासून दोन रस्ते पलीकडे होतं आणि ते टाळायला ती रोज तिसऱ्या रस्त्याने जायची. पाय दुखत होते, तरी जायची.

कात्री हे तिचं खरं नाव नव्हे. शाळा आठवीत सुटलेली पोर कोशाच्या कचेरीत लागली ती कागद कापायला. सरांना नवा कागद वापरलेला खपत नसे. “कागदाची एक बाजू कोरी टाकणं म्हणजे अर्ध्या ताटावरून उठणं,” असं ते म्हणायचे. आलेली पत्रं, जुनी मुद्रितं, जाहिराती, सगळ्यांच्या कोऱ्या पाठी वर करून एका कागदाची चार कार्डं पाडायची. त्या कार्डांवर शब्द, अर्थ, उदाहरण. पहिल्या दिवशी ती घरून कात्री घेऊनच आली होती. दादाने दुकानातली दिली होती, लोखंडी, मनगट भरून आणणारी. खाली छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी जिन्यात भेटला. तिच्या हातातलं ते धूड बघून म्हणाला, “बाई, आमचे केस कापायला आलात की गळे?” त्या दिवसापासून ती कात्री.

कापता कापता ती वाचायला लागली. कार्डाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी पत्राचा पाव तुकडा. तीच तिची शाळा. दोन वर्षांत ती कार्डं उतरवून काढायला लागली, तीन वर्षांत चुका काढायला, आणि पाचव्या वर्षी सरांशी भांडायला. पदव्यांची माळ घातलेले दोन सहसंपादक होते. ते तिला ‘ती मुलगी’ म्हणायचे आणि अडलं की तिच्याच टेबलापाशी येऊन खाकरायचे.

काय ती खोली होती! एका भिंतीला चार खिडक्या, उरलेल्या तीन भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणावर पितळेचं अक्षर आणि वरच्या खणांसाठी एक चाकांची शिडी. खालचं यंत्र सुरू झालं की जमीन थरथरायची आणि कपातल्या चहावर वर्तुळं उठायची. शाईचा, डिंकाचा, जुन्या कागदाचा वास. चार वाजता जुळारी मुद्रितं घेऊन वर यायचा आणि दिवे लागेपर्यंत हलायचा नाही.

सरांचा एकच नियम होता, पण लोखंडाचा. उदाहरण खरं पाहिजे. पुस्तकातलं नको, रचलेलं नको. इथे बसलेल्या कुणाच्या तरी आयुष्यात घडलेलं हवं. “खोट्या वाक्यात शब्द श्वास घेत नाही,” असं ते म्हणायचे. ‘लिम्प’ या शब्दाला जुळाऱ्याने वाक्य दिलं होतं, ‘जावई लग्नात लंगडत होता आणि आम्हाला वाटलं नवा बूट चावतोय.’ सरांनी विचारलं, “खरं?” जुळारी म्हणाला, “पोरीला विचारा, ती रोज विचारते मला.” छापलं. ‘जेनरस’ला त्यानेच दिलं, ‘आमच्या सासूबाई उदार आहेत.’ सरांनी आठवडाभर चौकशी केली आणि लाल पेन्सिलने आडवी रेघ मारली. “खोटं निघालं,” ते शांतपणे म्हणाले. जुळारी महिनाभर हे सगळ्यांना सांगत सुटला.

असं खोडलेलं कार्डही फेकायचं नाही. त्याच अक्षराच्या खणात सगळ्यात मागे, दोऱ्याने बांधून ठेवायचं. “आपण कुठे चुकलो ते आपल्याला सापडलं पाहिजे,” हेही सरांचंच.

अशा माणसासाठी कात्रीने जीव टाकला असता. टाकलाच होता म्हणा. तरीही वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिने एक अर्ज केला, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या विश्वकोशाच्या मंडळाकडे, उपसंपादकाच्या जागेसाठी. पदवीची अट नव्हती, काम बघणार होते. अर्ज तिने सरांना दाखवला. त्यांनी दोन स्वल्पविराम दुरुस्त केले आणि म्हणाले, “जा. मोठी हो.” घरी मात्र दादाने आकाशपाताळ एक केलं. “परक्या शहरात एकटी राहणार? पत्र येऊ दे, फाडून चुलीत घालतो.”

तीन महिने गेले. पत्र आलं नाही. एका सकाळी तिने दुकानात जाऊन दादाला थेट विचारलं, “पत्र आलं होतं का?”

दादा कुणाच्या तरी कोटाची बाही लावत होता. वर न बघता दातांतून बोलला, “आलं असतं तरी फाडलंच असतं.”

तिला जे ऐकायचं होतं ते तिने ऐकलं. संध्याकाळी पिशवी भरली, भाड्याची खोली घेतली, आणि भाऊ मेला असं समजून जगायला लागली. त्याच आठवड्यात कचेरीत तिच्या टेबलाशी हातांची खुर्ची आली. तोवर ती स्टुलावर बसायची. सरांनी खास सुताराकडून करून घेतली होती. त्या खुर्चीत पहिल्यांदा बसली तेव्हा तिला रडू आलं. सख्खा भाऊ आडवा येतो आणि हा परका माणूस खुर्ची देतो, असं वाटून.

थ्वॉर्ट निघाला त्या दिवशी चहा दोनदा गरम करावा लागला. कुणाचा बेत पार पडू न देणं, एवढा साधा अर्थ. पण मराठीत सांगायला गेलं तर शब्दांची रांगच लागली. हाणून पाडणे, डाव उधळणे, मोडता घालणे, खो घालणे, कोलदांडा घालणे, पाचर मारणे, पाणी फिरवणे. जुळारी बोटांवर मोजत होता. दहा झाल्यावर म्हणाला, “आता पायांची लागणार. चपला काढू का?”

एखाद्याला पुढे जायला मदत करणे, अशा अर्थाचा एक शब्द मागे कधीतरी आला होता. तेव्हा ‘हातभार लावणे’ म्हणून झाल्यावर सगळे खिडकीबाहेर बघायला लागले होते. पाय ओढायला मात्र पोतंभर शब्द. माणसं जे रोज करतात त्यालाच शब्द लागतात. ही गोष्ट व्याख्यानं झोडणाऱ्यांनी कधी सांगितली नाही.

कात्री एकेक शब्द सोलत होती. “खो घालणारा जाता जाता घालतो. पाचर मारणारा आधी फट हेरून ठेवतो. उधळणं चारचौघांत होतं. मोडता घालणारा घरचा असतो, हक्काने घालतो.”

“आणि थ्वॉर्ट?” सरांनी विचारलं.

“त्यात माणूस नुसता वाटेत आडवा असतो. वैरच असलं पाहिजे असं नाही.”

सर म्हणाले, “मूळ अर्थ आडवा असाच आहे. होडीत बसायला आडवी फळी टाकतात, तिलाही इंग्रज हेच म्हणतो.”

“बघा,” जुळारी म्हणाला, “आपल्याकडे आडव्या येणाऱ्याला शिव्या घालतात, ते त्याच्यावर बसतात!”

सगळे हसले. मग उदाहरणाची वेळ आली आणि कात्रीने आपलं वाक्य सांगितलं. सरांच्या हातात लाल पेन्सिल होती.

“खरं आहे?” त्यांनी विचारलं.

“शंभर टक्के.”

सर बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. चहा गार झाला. “बघू,” एवढंच म्हणाले. कोश छापून आला तेव्हा तिथे कोरी जागा होती. कात्रीने समजूत करून घेतली की आपल्या घरची धुणी चव्हाट्यावर येऊ नयेत म्हणून सरांनी ते गाळलं. किती हा जपणारा माणूस!

आता त्या खोलीत यंत्राची थरथर नव्हती. छापखाना बंद होऊन वीस वर्षं झाली होती, जुळारी जाऊन बारा, सर जाऊन अकरा. सरांची मुलगी खोक्यांच्या ढिगात उभी होती. केसांत धूळ, बापासारखंच नाक.

“मावशी, शिडीवर मी चढते.”

“तुला नाही सापडायचं,” कात्री म्हणाली आणि चढली. खणावरचं पितळ काळं पडलं होतं. तिने हात पार मागे घातला. दोरा लागला. गठ्ठा घेऊन खाली आली, आपल्या हातांच्या खुर्चीत बसली आणि गाठ सोडली.

वरून तिसरं कार्ड तिचं होतं. तिचं तेव्हाचं टपोरं अक्षर, वाक्यावर लाल रेघ, आणि कडेला सरांच्या बारीक अक्षरात एक शब्द, ‘असत्य’.

असत्य? यांना काय माहीत?

त्याला चिकटून दुसरं कार्ड होतं. ते तिने कापलेलं नव्हतं, हे बोटांनीच आधी ओळखलं. कड वाकडी होती. तिच्या हातून उभ्या आयुष्यात वाकडी कड निघाली नव्हती. वर थ्वॉर्ट, खाली सरांच्या अक्षरात एक वाक्य आणि त्यावरही लाल रेघ. ‘मी तिच्या वाटेत आडवा आलो आणि दोष तिच्या भावाच्या माथी गेला.’

तिने कार्ड उलटलं. मागे टंकलेल्या पत्राचा पाव तुकडा. ‘...यांचे काम पाहता त्यांना उपसंपादक म्हणून घेण्याचे मंडळाने ठरविले आहे. त्या सध्या आपल्याकडे असल्याने आपली संमती पंधरा दिवसांत कळवावी, म्हणजे त्यांना पत्र...’

पुढचं कुठल्यातरी दुसऱ्या कार्डाच्या पाठीवर गेलं होतं.

“मावशी? काय झालं? पाणी देऊ?”

कात्रीने कार्ड तिच्या हातात दिलं. मुलीने आधी पुढची बाजू वाचली, मग मागची, मग पुन्हा पुढची.

“बाबांनी... उत्तरच दिलं नाही?”

“नाही दिलं. मला खुर्ची दिली.” कात्री खुर्चीच्या हातावर थाप मारत म्हणाली. “शेवटची दोन वर्षं त्यांना दिसत नव्हतं तेव्हा रोज दुपारी वाचून दाखवायला येत होते मी. रोज! एकदा तोंड उघडता आलं नाही?”

“तुम्ही गेला असतात तर कोश ‘टी’ अक्षराच्या पुढे सरकला नसता. ते आईला म्हणायचे तसं.”

“मग मला म्हणायचं होतं! माझ्या तोंडावर म्हणायचं, जाऊ नकोस, माझं अडतंय. कदाचित राहिलेही असते.”

कात्रीला दोन्ही दिसत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता. या माणसाने तिचं आयुष्य अडवलं. आणि तिचं खोटं वाक्य छापवेना म्हणून आपल्या लाडक्या कोशाला भोकही पाडून घेतलं. खोटं छापलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण नाही. शब्दाशी इमान राखलं. माणसाशी राखायला तेवढं जमलं नाही.

“उदाहरणाचं काय करू?” मुलीने हलकेच विचारलं. “दुसरं शोधूया का? हे बाबांचं...”

“हेच छाप.”

“मावशी, लोक काय म्हणतील? बाबांचं नाव...”

“उदाहरणाखाली नाव कधी छापलंय आपण? बावीस हजारांत निम्मी माझी आहेत. कुठे आहे माझं नाव?”

मुलीने कार्ड पुन्हा वाचलं. “खरं असेल ते छापायचं,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि वाक्य आपल्या वहीत उतरवून घेतलं. कार्ड परत दिलं. “हे तुमच्याकडे ठेवा.”

कात्री जिना उतरली आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा सरळ रस्त्याने निघाली.

दुकान तेच होतं. पुढच्या खोलीत यंत्र, खडूचे तुकडे, खुंट्यांवर अर्धवट कपडे. दादाचा चष्मा जाड झाला होता, मान पुढे आली होती. वहिनी आतून आली आणि दारातच थबकली.

“अगंबाई! वन्सं!”

यंत्र थांबलं. दादाने वर बघितलं नाही. “मापं द्यायची असतील तर सकाळी यावं.”

कात्री समोरच्या बाकावर बसली. कार्ड त्याच्या हाताखालच्या कापडावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. दादाने चष्मा कपाळावर चढवून कार्ड डोळ्यांना लावलं.

“मुंगीएवढं लिहितो की गं हा माणूस.” मग कार्ड खाली ठेवून, “म्हणजे मी नाही फाडलं.”

“नाही.”

“मी सांगितलं होतं तुला.”

“काय सांगितलं होतंस? आलं असतं तरी फाडलंच असतं म्हणालास!”

“मग? आलंच नाही म्हटल्यावर फाडणार काय, कपाळ?”

“सरळ ‘आलं नाही’ म्हणायला काय झालं होतं तुला?”

“तोंडात टाचण्या होत्या,” दादा म्हणाला.

वहिनीने तोंडाला पदर लावला. कात्रीला हसायचं नव्हतं. हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग जे यायचं ते आलं. वहिनीने पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

“नंतर सांगायचं होतंस,” कात्री डोळे पुसत म्हणाली.

“तू नंतर होतीस कुठे? पलीकडच्या रस्त्याने जायचीस. दिसायचीस मला कोपऱ्यावरून.” दादाने चष्मा पुसला, पुन्हा लावला. “पण एक सांगतो. आलं असतं तर फाडलंच असतं मी. आता म्हातारपणी साव नाही व्हायचं मला.”

हे वाक्य खरं होतं. सरांनी डोळे मिटून छापलं असतं, असं कात्रीच्या मनात आलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं, की एवढं होऊनही आधी सरच आठवले.

“मग आता छापणार काय?” दादाने विचारलं.

“सरांचं वाक्य. खोडलेलं होतं ते.”

“आणि माझं? चौतीस वर्षं आळ माझ्या डोक्यावर, आणि वाक्य त्याचं?” दादा सरसावून बसला. “लिही. ‘दादा आडवा यायला उठला, तर वाटेत आधीच एक जण आडवा पडलेला.’”

“लांब आहे. एका ओळीत बसत नाही.”

“मग काप. कात्री आहे ना अजून?”

होती. पिशवीच्या तळाशी, जुन्या फडक्यात. तिने काढून दिली. दादाने पात्यावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

“पार वाट लावलीस की. शिंप्याच्या कात्रीला कागद दाखवायचा नसतो, धार मरते. लहानपणापासून सांगत आलोय.”

“तूच दिली होतीस.”

“दिली होती,” दादा म्हणाला. त्याने टेबलाखालचा धारेचा दगड ओढला, त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. “कागदच कापणार, हे ठाऊक असून दिली होती.”